मुंजीतलं तुपाचं भांडं

"खण! तुळशीखाली खण! कुणाला घाबरतोस? मी सांगत्येय ना, खण!"

सुमनकाकू वरच्या गॅलरीतून ओरडत होती. सुमनकाकू म्हणजे माझी सख्खी काकू, आणि तिचा आवाज असा, की कोथरूड डेपोतून निघालेली बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की कुणीतरी हाक मारली असं समजून ड्रायव्हर बिचारा ब्रेक दाबायचा. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. आरोप मान्य आहे. पण काकूच्या बाबतीत वाढवायला जागाच नसायची, सगळी जागा ती स्वतःच व्यापून असायची. खाली परसात तिचा मुलगा शिरीष पांढरेशुभ्र बूट घालून उभा होता. अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागून, सुट्टीवर आलेला. त्याच्या हातात एक लांब दांडी, दांडीच्या खालच्या टोकाला ताटाएवढी चकती, वरच्या टोकाला दिवे असलेली डबी आणि कानांवर हेडफोन. आणि तुळशीवृंदावनासमोर, पदर खोचून, पाठ वृंदावनाला टेकवून माझी आई.

"सांग रे वर," आई मला म्हणाली. काकू बरोबर आईच्या डोक्यावर होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं, तरी मध्ये मी लागायचो. "सांग, तुळशीला हात लावायचा असेल तर आधी बूट काढायला लाव मुलाला. अमेरिकेत देव नसतील, इथे आहेत."

"सांग रे खाली," वरून लगेच उत्तर, "देव आहेत म्हणून तर सापडणार आहे!"

मी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या घरात माझं बालपण टेलिफोन एक्स्चेंजसारखं गेलं, आणि एक्स्चेंजला स्वतःचं मत नसतं.

आमचं घर खाली आम्ही, वर काका असं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका या दोन भावांनी मिळून बांधलेलं, कोथरूडला माणसं राहायला यायला घाबरायची त्या काळात. आप्पा सांगायचे, की तेव्हा टेकडीवरून कोल्हे यायचे आणि फाटकाशी रांगेत बसायचे. मी सांगताना त्यात एक तरस घालतो. जिना बाहेरून होता, आणि त्या जिन्यावर माझ्या आईनं पाऊल टाकलेलं मी कधीही पाहिलं नव्हतं. काकू रोज त्याच जिन्यानं आमच्या दारावरून जायची, पण मान अशी वळवून, की शेवटी तिला मानेचा पट्टा लागला. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं, मला खरं माहीत आहे.

दोन्ही घरांची लढाई चालायची ती आवाजांनी आणि वासांनी. दुपारी आप्पा आडवे झाले, की बरोबर त्यांच्या डोक्यावर काकू खलबत्त्यात दाण्याचं कूट करायला बसायची. मिक्सर होता तिच्याकडे. कुटायला खलबत्ताच लागायचा, तोही लोखंडी. आई त्याची परतफेड संध्याकाळी करायची. काकूच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीच्या थेट वर, त्यामुळे आई लाल मिरच्यांची अशी फोडणी द्यायची, की वर काका-काकू आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे यांची एकत्र खोकल्याची मैफल सुरू व्हायची. त्या फोडणीचं आम्ही पुढे काय करायचो? काही नाही. कित्येकदा ती नुसतीच फोडणी असायची.

परसात दोन घरांच्या वाट्यांमध्ये काकांनी एक तार बांधली होती, कंपाउंडच्या भिंतीपासून सांडपाण्याच्या पाइपापर्यंत. तारेच्या अलीकडे नळ, भांडी घासायचा दगड आणि तुळस, हे आमचं. पलीकडे केळीचं बन, ते त्यांचं. आणि काय केळी होती ती! घड असा लागायचा, की झाडाला टेकू द्यावा लागायचा आणि टेकूला दुसरा टेकू. काकू सगळ्या गल्लीला त्या केळ्यांचं शिकरण वाटायची. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा एकदा मिळालं. आमच्याकडे सालं यायची, तारेवरून.

हे सगळं सुरू झालं शिरीषच्या मुंजीत. मुंज घरीच झाली, परसात मांडव घालून. मी तेव्हा इतका लहान होतो, की मला काही आठवणं शक्य नाही. पण ती गोष्ट मी दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा ऐकली आहे, की मला मांडवाच्या कापडाचा रंगही आठवतो. काकूच्या भावानं, म्हणजे शिरीषच्या मामानं, मुंजीत चांदीचं तुपाचं भांडं दिलं. मुठीएवढं, गोल, आणि वाढायला आत इवलीशी पळी. काकूनं हट्ट धरला, की पंगतीत तूप त्याच भांड्यातून वाढायचं, म्हणजे माहेरचा आहेर सगळ्यांना दिसेल. मोठी सून म्हणून वाढपाचा मान आईचा, तेव्हा तूप आईनं वाढलं. आमरसाची पंगत होती. पंगत उठली, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी मोजदाद करताना भांडं नाही. चाळीस माणसांसमोर काकू म्हणाली, "शेवटचं वहिनींच्या हातात होतं. वहिनींनाच विचारा."

आईनं तिथल्या तिथे आपली ट्रंक सगळ्यांसमोर उघडून उलटी केली. त्यात भांडं नव्हतं. काकू म्हणाली, "असं ट्रंकेत कोण ठेवतं?"

त्या दिवसापासून आई जिना चढली नाही.

काकूला त्या मुंजीच्या दोन तक्रारी होत्या, आणि त्या दोन्ही तिनं जन्मभर जोडीनं वापरल्या. पहिली, जावेनं भांडं चोरलं. दुसरी, पंगतीच्या मोलकरणी ऐन वेळी आल्या नाहीत, जाऊबाई माहेरच्यांशी गप्पा मारत बसल्या, आणि सगळ्या मांडवाची उष्टी तिनं एकटीनं काढली. "मुलाची आई मी, शालू नेसलेली, आणि पत्रावळी गोळा करत्येय! एका माणसानं हात लावला नाही हो!" हे तिनं भाजीवाल्याला सांगितलं होतं, गॅसवाल्याला सांगितलं होतं, आणि लहानपणी शिरीष जेवत नसेल तर त्यालाही घासाघासाला सांगितलं होतं. बाकीची मुलं काऊ-चिऊ ऐकत मोठी झाली, शिरीष उष्टी ऐकत.

आता आमचं घर पाडून इमारत बांधायला एक बिल्डर मागे लागला होता. पुण्यात तेव्हा वारंच तसं होतं. भाताची खाचरं होती तिथे काचेच्या कचेऱ्या उठत होत्या, प्रत्येक घरातला एक मुलगा अमेरिकेला गेला होता, आणि उरलेले कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. मी उरलेल्यांपैकी. दोन्ही भावांच्या सह्या लागणार होत्या. काका पेन उघडून बसले होते. आप्पांचंही पेन खिशात होतं, पण टोपण आईच्या हातात होतं.

"या घराची एक वीट हलायच्या आधी ते भांडं सापडलं पाहिजे," आईनं आप्पांना सांगितलं होतं. "उद्या ते खोदायचं मशीन येईल, सगळी माती ट्रकमध्ये भरून कुठेतरी नेऊन टाकतील, आणि माझं नाव त्या मातीबरोबर जाईल. मग मी चोर ती चोरच. नवीन फ्लॅटमध्येसुद्धा चोर."

"अगं, चांदीचं एवढंसं भांडं…" आप्पा.

"तुम्हाला कुणी चोर म्हटलंय का? मग गप्प बसा."

आप्पा गप्प बसले. ते त्यांना छान जमायचं.

आणि अशात शिरीष ते यंत्र घेऊन आला. अमेरिकेत म्हणे निवृत्त म्हातारे ही दांडी घेऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरतात आणि वाळूत पडलेली नाणी, अंगठ्या शोधतात. शेजारच्या कुण्या म्हाताऱ्यानं घर बदलताना हे ह्याला स्वस्तात दिलं. आमच्यासाठी शिरीषनं चॉकलेटं आणली होती. आईनं ती गल्लीतल्या कुत्र्याला दिली, त्या शिकरणवाल्याच. काकूला मात्र यंत्र बघताच साक्षात्कार झाला. जावेनं भांडं घरात नाही ठेवलं, तर पुरलं असणार! कुठे? जिथे कुणी खणणार नाही तिथे. तुळशीखाली.

तर तिथे आपण उभे होतो. आई बाजूला झाली, पण शिरीषला बूट काढायला लावूनच. तो पायमोज्यांत तुळशीभोवती चकती फिरवू लागला आणि यंत्र जे किंचाळायला लागलं, ते थांबेचना. मी आजवर पुष्कळ आवाज ऐकलेत. लोकांच्या लग्नात नाचलोय, गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीला चिकटून उभा राहिलोय. पण त्या यंत्रासारखं केकाटणं नाही. केळींवरचे कावळे उडाले ते थेट येरवड्यात जाऊन बसले असतील.

"सापडलं!" काकू वरून. "खण!"

खणायला अर्थात मी. शिरीषच्या कमरेला अमेरिकेत काहीतरी झालं होतं. पहिल्या फावड्याला स्टोव्हची पिन निघाली. मग दाढीची ब्लेडं, अर्धी कात्री, एका कुलपाचा सांगाडा, पंपाचं बूच. एवढ्या वर्षांत त्या घरानं जमिनीला काय काय दिलं होतं! भांडी घासायचा दगड शेजारीच, राखेबरोबर आणि खरकट्याबरोबर जे जे सुटलं ते सगळं मातीत. आणि मग चमचा. स्टीलचा, मातीनं भरलेला. मी बोटानं पुसला. दांडीवर ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं घरात आलंय असं मानतच नाहीत. मी ते वाचलं आणि मोठ्यानं वाचायला नको होतं हे वाचल्यावर कळलं.

"'सौ. सुमन हिस.'"

लगेच जिन्यावर चपलांचा आवाज. काकू खाली आली, तार ओलांडली, चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना वर धरून दाखवला. शेजारी होतेच. आमच्या परसात काही चाललं, की त्यांच्या घरी दूध उतू जायचं.

"बघा! माझ्या नावाचा चमचा! हिच्या तुळशीखाली! आता बोला!"

"तेव्हा स्वयंपाकघर एकच होतं," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "भांडी सगळ्यांची याच दगडावर घासली जायची. खरकट्यात जातो एखादा चमचा."

"एखादा! हो, एखादा चमचा जातो, एखादं चांदीचं भांडं जातं. एखादं घर जायचं तेवढं राहिलंय."

मी आईकडे पाहिलं. मला तिचा राग माहीत होता, तिच्या फोडण्या माहीत होत्या. पण तिचं तोंड असं एवढंसं झालेलं मी प्रथमच पाहत होतो. भिंतीपलीकडची माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ती तुळशीकडे. पुढच्या चमच्यावर काकूचं नाव निघालं असतं, तर ती तिथेच बसली असती. आणि निघणार होतं. दगडाशेजारच्या त्या मातीत काकूच्या रुखवतातले अर्धे चमचे असणार, हे मला लख्ख दिसलं.

मी फावडं टाकलं. "शिरीष, मशीन गोंधळलंय."

"नाही रे, सिग्नल स्ट्राँग आहे."

"तेच तर. सगळीकडेच स्ट्राँग आहे. त्याला आधी कोरी जमीन दाखवावी लागते. काही नसतं तेव्हा कसं वाटतं हे त्याला कळलं, की मग ते खरं काय ते सांगतं."

"मॅन्युअलमध्ये असं काही नाहीये."

"मॅन्युअल समुद्राच्या वाळूचं आहे. ही कोथरूडची काळी माती आहे, हिचा स्वभाव वेगळा." कॉम्प्युटरच्या क्लासला मी दुसरं काही शिकलो नसेन, पण न समजणाऱ्या गोष्टीबद्दल ठाम बोलायला शिकलो होतो. "आता कोरी जमीन आणायची कुठून? आमची बाजू तर चोरीच्या मालानं भरलीय म्हणता. तुमच्या बाजूला काही नसेल ना, काकू?"

"आमच्या बाजूला सुईसुद्धा सापडायची नाही!"

"मग झालं तर. केळीत एकदा फिरव."

मला कसला अंदाज होता असं मुळीच नाही. ते केकाटणारं यंत्र मला आमच्या तुळशीपासून लांब न्यायचं होतं, आणि जमल्यास त्या केळींच्या मुळावर. सालांचा हिशोब बाकी होता.

शिरीष तार ओलांडून केळीच्या बनात शिरला. चकती फिरली. एक क्षण काही नाही, आणि काकूनं भिंतीपलीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग यंत्र ओरडलं. तुळशीखाली ते किंचाळलं होतं, इथे त्यानं गळा काढला.

"केळ पडेल," काका गॅलरीतून म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.

"पडू दे," काकू म्हणाली. तिला थांबता येत नव्हतं, सगळे बघत होते. "खण. होऊन जाऊ दे."

मी खणलं. जीव लावून खणलं. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, याला नोकरी लागत नाही ते बरंय. वरची माती काळी, लोण्यासारखी. गुडघाभर खाली गेल्यावर नारळाच्या करवंट्या निघाल्या, एकात एक बसलेल्या. मग आंब्याच्या कोयी, दगडासारख्या झालेल्या, मोजताच येणार नाहीत इतक्या. एक घड लागलेली केळ कलली आणि शांतपणे आमच्या बाजूला, तारेवर आडवी झाली.

"हा मुंजीतला खड्डा आहे," आप्पा अचानक म्हणाले. खुर्ची दारात आणून बसले होते ते. "पत्रावळी टाकायला खणला होता. तेव्हा कचऱ्याची गाडी यायची नाही इकडे. नंतर त्याच्यावर केळी लावल्या." मग जरा थांबून, "म्हणून एवढ्या धरतात."

सगळ्या गल्लीनं इतकी वर्षं शिकरण कशाचं खाल्लं, ते त्या क्षणी सगळ्या गल्लीला कळलं.

आणि मग फावड्याला टक् असं लागलं. मी हातानं उकरलं. कोळशासारखा काळा, मुठीएवढा गोळा, आत मातीचा गच्च बोळा. मी तो शर्टाला घासला. आजही माझ्या बोटांना तो स्पर्श आठवतो. अलीकडे बोटांना इतर काही आठवत नाही, शर्टाची बटणंसुद्धा. काळ्यातून ठिपके वर आले. 'चि. शिरीष यास मुंजीनिमित्त मामाकडून.'

आई तारेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पलीकडे पाऊल नाही टाकलं. मी भांडं तिच्या हातात दिलं. काकूचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता, आणि तिच्यात आवाज नसणं हे बघायला मिळालेली माणसं गल्लीत मोजकीच आहेत. ती नवीन काहीतरी जुळवत होती, मला दिसत होतं. जावेनंच येऊन रात्री इथे पुरलं असेल, असं काहीतरी. तिला वेळ मिळाला असता, तर जुळलंही असतं.

पण शिरीषनं हेडफोन काढले. तो वाईट नव्हता, हे मी आता सांगू शकतो, तो नुसता अमेरिकेत होता. तिथे मनात आलं की विचारतात.

"म्हणजे पत्रावळीत गुंडाळून गेलं असणार," तो म्हणाला. "आई, पण उष्टी तर तूच काढली होतीस ना? एकटीनं?"

भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. मिरच्यांची फोडणी नव्हती.

काकू वळली आणि जिना चढून वर गेली. दार असं आपटलं, की आमच्या खोलीतला गणपतीचा फोटो तिरका झाला, आणि तो नवीन घरातसुद्धा तिरकाच लागला. आज तिथे सात मजली इमारत उभी आहे. केळी होत्या तिथे पार्किंग आहे, आणि माझी गाडी बरोबर त्या खड्ड्यावर लागते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते पाचव्या. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. परंपरा जपायला हव्यात.

आई त्या दुपारी जेवली नाही. दगडावर बसून रांगोळीनं ते भांडं घासत राहिली. आधी काळं, मग करडं, मग पिवळट, मग ते चांदीचं दिसायला लागलं. एका बाजूला चेपलं होतं, ते तिनं अंगठ्यानं आतून दाबून बघितलं. पुसून कोरडं केलं, पदराखाली धरलं आणि आप्पांना म्हणाली, "आता करा काय सही करायची ती." मग केसांवरून हात फिरवला, चपला घातल्या, आणि माझ्या आठवणीत प्रथमच तो जिना चढायला लागली. मी मागे गेलो. साक्षीदार लागतोच.

मधल्या पायरीवर ती क्षणभर थांबली. दम लागला असेल. वर जाऊन तिनं कडी वाजवली. काकूनं दार उघडलं, अर्धंच. किती वर्षांनी त्या दोघी एकमेकींकडे सरळ बघत होत्या. आईनं भांडं पुढे केलं. ती वाट बघत होती. एक शब्द पुरला असता तिला. 'चुकलं' नको, 'बरं झालं सापडलं' एवढंही पुरलं असतं, तिनं ते जन्मभर जपलं असतं.

काकूनं भांडं घेतलं. उलटं केलं, नाव वाचलं, सुलटं केलं, आत बघितलं.

"ह्याला पळी होती," ती म्हणाली.

आई वळली. दोन पायऱ्या उतरल्यावर, मागे न बघता म्हणाली,

"मग खण."